मराठवाड्यात हिवाळ्यात मधमाश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की औशाजवळ शेतात यंदाच मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशीच्या, दोन पेट्या ठेवल्या, परदेशी व्हिडिओ बघून साखरेचं पोतंही आणलं, आणि आता थंडीभर किती पाक द्यायचा?

पोतं झाकून ठेवा, पावसाळ्यात लागेल. बर्फाच्या मुलखात माश्या महिनोन्‌महिने बाहेर पडत नाहीत, म्हणून तिथं आधीच साठा करून द्यावा लागतो. आपल्याकडं परभणीत एखाद्या पहाटे पारा पाच अंशांवर आला तरी दहा वाजेपर्यंत ऊन चटका देतं आणि माश्या कामाला लागतात. आपली खरी उपासमार जून ते सप्टेंबर. शिवार हिरवंगार दिसतं, पण झड लागली की माशी घरात बसून साठा खाते.

हिवाळ्यात प्रश्न थंडीचा नाही, भोवती काय पेरलंय त्याचा. गाडी काढा आणि पेटीपासून दोन किलोमीटरचा फेरा मारून या. तूर फुलोऱ्यात असेल, करडई, सूर्यफूल, धने किंवा कांद्याचं बियाणं असेल तर पाक नकोच. शाळूत मकरंद नसतो, पण सकाळी पराग भरपूर मिळतो. पायांना पिवळे गोळे लावून माश्या परतताना दिसतील. चहूकडं नुसता हरभरा असला तर मात्र सावध व्हा, आणि तुमच्याकडं सोयाबीन निघालं की हरभराच. त्याचं फूल उमलायच्या आतच फलन उरकून घेतं, माशीला तिथं फारसं काही मिळत नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात घाटे टच्च भरत होते आणि पेटी हलकी होत होती.

हलकी म्हणजे कशी? पेटी मागच्या बाजूनं बोटभर उचलून बघा. आठवड्यातून एकदा उचललीत की हातालाच कळायला लागतं. शंका आली तर दुपारच्या उन्हात उघडा. पिल्लांच्या वरच्या अंगाला मेणानं झाकलेल्या मधाची कमान दिसली आणि कडेच्या एक-दोन चौकटी (पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेम) भरलेल्या असल्या, तर गुपचूप बंद करा. कमान नसेल तरच पाक.

एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवायचं, मग साखर घालायची. चुलीवर करपलेला पाक माशीला बाधतो. गूळ अजिबात नको. साखरेपेक्षा गूळ बरा हा माणसाचा हिशोब, माशीला त्यानं हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतात. दर पेटीला अर्धा लिटर, संपला की तीन दिवसांनी पुन्हा. आंबलेला फेकून द्या. मध साठतो ती वरची कोठी आधी काढा, नाहीतर तुमचाच पाक तुम्ही मध म्हणून विकाल.

बरणीच्या झाकणाला खिळ्यानं पाच-सहा बारीक भोकं पाडा आणि बरणी चौकटींवर दोन काड्या ठेवून उलटी करा. भोवती रिकामी कोठी, वर झाकण. हे सगळं दिवस मावळताना. मी नवा असताना सकाळी अकराला परातीत पाक ओतून पेट्यांसमोर ठेवला होता. परात चाटून झाली आणि सगळा लोंढा कमजोर पेटीवर वळला. दारात माश्या एकमेकींचे पाय धरून ओढत होत्या; लुटारूंपैकी काहींच्या अंगावरची लव झडून त्या काळ्या तुकतुकीत दिसत होत्या. ओलं गोणपाट टाकलं, दार एका माशीपुरतं केलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळी आत मेणाचा भुगा आणि मूठभर माश्या. त्या दिवसापासून पाकाचा एक थेंब बाहेर सांडला तरी मी पाण्यानं धुतो.

पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांना पाकाचा वास लगेच लागतो.

आणि जवळ तूर असेल तर आजच शेजाऱ्याच्या बांधावर जा. अळीसाठी फवारणी नेमकी फुलोऱ्यातच होते. तारीख आधी कळली तर आदल्या रात्री पेट्या पाच किलोमीटर लांब नेता येतात. ते जमत नसेल तर त्याला माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना फवारायला सांगा, चहा आपला.