‘अर्धी मराठी’ मुलगी आणि रंगांच्या चार ट्यूब

“ताई, मुलांचा गोंधळ तर उडणार नाही ना?” आई मराठी, वडील गोरे अमेरिकन, मुलं न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढताहेत, असं घर समुपदेशनाला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. मूल ना इकडचं ना तिकडचं राहील, ही त्यामागची धास्ती. अशाच एका घराची ही हकिगत. खाणाखुणा बदलल्या आहेत आणि नऊ भेटींतलं मोजकंच इथे आहे.

मुलगी आठ वर्षांची, आईसारखी सावळी. भाऊ पाच वर्षांचा, गोरापान, पिंगट केसांचा. पुण्याची आजी सहा महिने राहून गेली आणि मुलीनं मराठी बोलणं सोडलं. घरातल्या सगळ्यांची चित्रं काढायची, स्वतःला मात्र कोरं ठेवायची. आईच्या मते ही दोन संस्कृतींची ओढाताण होती.

तिसऱ्या भेटीत मी मुलीला विचारलं, “तू कोरी का?”

“माझा रंग नाहीये बॉक्समध्ये.”

“आणि भावाचा?”

“आहे. आजी म्हणते, तो बाबांवर गेला, नशीब काढलं.” जरा थांबून म्हणाली, “मी अर्धी मराठी ना? मग उरलेली अर्धी दिसत का नाही?”

या मुलीचा काडीचाही गोंधळ नव्हता. तिनं ऐकलेल्या वाक्यांची बेरीज चोख केली होती. गोरं असणं म्हणजे नशीब, आणि आपण त्या वाटणीत कमी पडलो. मी मुलाची ओळख त्याच्या डोक्यात शोधत बसत नाही, घरातल्या बोलण्यात शोधते. इथे ती तिथेच सापडली.

“आम्ही घरात रंगाचा विषयच काढत नाही,” असं वडील अभिमानानं म्हणाले. हेतू चांगला, परिणाम उलटा. तीन-चार वर्षांचं मूल रंगातला फरक बघतं आणि बोलूनही दाखवतं. मोठे गप्प बसले की त्याला वाटतं, यात काहीतरी लाजिरवाणं आहे.

पुढची भेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, व्हिडिओवर. पोस्टर कलरच्या चार ट्यूब: पांढरा, पिवळा, लाल, निळा. पिवळ्याचे तीन थेंब, लालचे दोन. नारिंगी झाला की काडीच्या टोकावर मावेल एवढाच निळा, मग पांढरा थेंबाथेंबानं. निळा मोठ्यांनी द्यावा. जास्त पडला तर रंग हिरवट-मातकट होतो आणि मूल तिथेच हिरमुसतं. मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावायचा, वाळू द्यायचा आणि मग ताडून बघायचं, कारण वाळल्यावर छटा बदलते.

तिचा रंग चौथ्या खेपेला जुळला. नाव तिनंच दिलं: “चहात बुडवलेलं पार्ले-जी.” मग वडिलांचा हात ओढला आणि सरळ पांढरी ट्यूब दाबली. मनगटावर तो ठिपका चुन्यासारखा उठून दिसला. ती बघतच राहिली. “बाबा व्हाइट नाहीये!” पिवळा घातला, लाल घातला, शेवटी निळ्याचं टोकही लागलं. “याच ट्यूबमधून? सगळे?” वडील हळूच म्हणाले, “मला आजवर वाटायचं, रंग फक्त तुम्हाला आहे.” नऊ भेटींत या वाक्याइतकं मोलाचं दुसरं काही मी ऐकलं नाही. त्यानंतर मुलीनं जुनी वही आणली आणि कोरी चित्रं भरू लागली.

ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांनी आधी अपूर्णांक सोडावेत. ‘अर्धी’ म्हणू नका, ‘मराठी आणि अमेरिकन’ म्हणा. अमेरिकेच्या जनगणनेतही 2000 सालापासून एकाहून जास्त वंशांच्या चौकटींवर खूण करता येते. फॉर्म भरताना मुलाला शेजारी बसवा. आजी-आजोबांना “असं बोलू नका” एवढंच सांगून भागत नाही. पर्यायी वाक्य हातात द्यावं लागतं. ‘बापावर गेलाय, गोरा’ऐवजी ‘हसतो अगदी बाबांसारखा’. या घरी आजीनं ते फोनवर चार वेळा घोटलं.

“तू नक्की कोण?” हे शाळेत विचारलं जाणारच. तीन उत्तरं तयार ठेवा: एक छोटं, एक सविस्तर आणि “आत्ता नाही सांगायचं मला.” गाडीत जाता-येता दोन-दोन मिनिटं सराव पुरतो. तिसरं उत्तर आईमंडळींना उद्धट वाटतं. मला तेच सर्वांत गरजेचं वाटतं.

बागेत आईला कुणी मुलाची आया समजलं, तर उत्तर वडिलांनी द्यावं, मुलांच्या देखत: “ती यांची आई.” नाहीतर मुलं शिकतात की हे ओझं सावळ्या माणसानंच वाहायचं.

आणखी एक चूक वारंवार दिसते. मूल म्हणतं “मी इंडियन”, आणि आपण दुरुस्ती करतो, “नाही, तू दोन्ही.” करू नका. दोन वंशांच्या मुलांची ओळख कशी घडत जाते, याचे मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. कार्लोस पोस्टन यांनी 1990 मध्ये पाच टप्पे मांडले; त्यांतही एक बाजू निवडण्याचा आणि दुसरी सोडल्याचा अपराधीपणा वाटण्याचा टप्पा आहे. याच विषयावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांचा आग्रह तर त्याही पुढचा: मिश्र वारशाच्या व्यक्तीला प्रसंगानुसार वेगळी ओळख सांगण्याचा हक्क आहे, भावंडांपेक्षा वेगळीही.

शेवटच्या भेटीत आईनं विचारलं, “मग उद्या धाकटा म्हणाला, मी फक्त अमेरिकन, तर?” मी म्हटलं, म्हणू द्या. मराठी त्याच्याशी बोलत राहा, आणि बारा-तेरा वर्षांचा झाला की पुन्हा विचारा.