‘पाउंड फॉर पाउंड’ला मराठीत काय म्हणावं?

शुगर रे रॉबिन्सनला ‘पाउंड फॉर पाउंड’ सर्वश्रेष्ठ बॉक्सर म्हणतात. मराठीत ‘वजनाच्या मानाने सर्वश्रेष्ठ’ लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. ‘च्या मानाने’ म्हणताना आपण समोरच्याला थोडी सूट देत असतो. ‘वयाच्या मानाने तब्येत ठणठणीत आहे’, ‘भाड्याच्या मानाने जागा बरी आहे’. रॉबिन्सनला इथे कुणीच सूट देत नाहीये. सगळे बॉक्सर एकाच वजनाचे असते तर हाच सर्वांना भारी पडला असता, असा तो दावा आहे. ‘दर पौंडामागे’ म्हटलं तर थेट बाजारभावच वाटतो! मी ‘वजनाचा फरक बाजूला ठेवला तर’ असं लिहीन. लांबलचक आहे खरं, पण अर्थ चोख पोचतो. मथळ्यात जागा नसेल तर ‘पाउंड फॉर पाउंड’च राहू द्यावं.

आता दाव्यात दम किती? वेल्टरवेट या वजनगटाची मर्यादा 147 पौंड, म्हणजे साधारण 66.7 किलो. डिसेंबर 1946 मध्ये टॉमी बेलला गुणांवर हरवून रॉबिन्सन या गटाचा जगज्जेता झाला आणि 1951 मध्ये त्याहून जड अशा मिडलवेट गटाचा किताब जिंकेपर्यंत तो मान त्याच्याकडेच होता. पण खरा कस लागला तो जेक लामोटासमोर. फेब्रुवारी 1943 मध्ये डेट्रॉइटला लामोटा त्याच्याहून सुमारे 16 पौंडांनी जड होता. त्याने ठोसे लगावत रॉबिन्सनला दोरांतून रिंगबाहेर पाडलं आणि व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार चाखायला लावली. तीन आठवड्यांत त्याच शहरात रॉबिन्सनने परतफेड केली. दोघांच्या सहा लढतींपैकी पाच त्याच्या नावावर आहेत.

जून 1952 मध्ये मात्र मिडलवेटहूनही जड अशा लाइट हेवीवेट गटाचा विजेता जोई मॅक्सिमशी लढताना, गुणांत पुढे असूनही, तो चौदाव्या फेरीला उठू शकला नाही. यांकी स्टेडियममधला उकाडा इतका होता की पंचही मध्येच बदलावे लागले. तो उकाड्याकडून हरला असं चाहते म्हणतात; मॅक्सिमही त्याच उकाड्यात लढत होता, हे सोयीने विसरतात.

ही उक्ती रॉबिन्सनसाठीच घडवली असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक. त्याच्या आधी बेनी लेनर्डसारख्या बॉक्सरांबद्दलही ती वापरली जाई. रॉबिन्सनमुळे ती घराघरात पोचली, इतकंच.