विंडोज टाकताना संगणक मधेच मान टाकतो तेव्हा

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेच एकाच अडचणीचे आहेत: संगणक त्रास देत होता म्हणून विंडोज नव्याने टाकायला घेतलं आणि तेही पूर्ण होईना. म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. रोजच्या वापरात विंडोज कोलमडणं आणि विंडोज टाकतानाच कोलमडणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यामागे ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्राम), व्हायरस, अर्धवट राहिलेलं अपडेट, काहीही असू शकतं. दुसऱ्यात जुन्या सॉफ्टवेअरचा संबंधच उरत नाही, कारण संगणक पेन ड्राइव्हवरून चालू झालेला असतो. मग संशयित मोजकेच राहतात: पेन ड्राइव्ह, रॅम, डिस्क, उष्णता, वीज, बायोसमधली (संगणक चालू होताच आधी धावणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्राममधली) एखादी सेटिंग आणि क्वचित प्रोसेसर. म्हणून दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा तेच करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: डेस्कटॉपमध्ये ८ जीबीच्या दोन डीडीआर-४ रॅम आहेत. विंडोज ११ टाकताना एकदा २३ टक्क्यांवर निळी स्क्रीन आली, एकदा ६१ वर, एकदा ‘फाइल वाचता येत नाही’ असा संदेश आला. पेन ड्राइव्ह तीनदा नव्याने बनवला. दुकानदार म्हणतात, हार्ड डिस्क बदला. बदलू का? (चिपळूण)

उत्तर: अजून नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे प्रत्येक वेळी वेगळ्या टक्क्याला अडकणं. खराब डिस्क किंवा खराब पेन ड्राइव्ह सहसा त्याच त्या जागी अडकतो. जागा बदलत असेल तर आधी रॅम बघायची.

याचं कारण समजून घ्या. पेन ड्राइव्हवर विंडोज काही जीबींच्या एका दाबून भरलेल्या फाइलमध्ये असतं. सेटअप तिचा एकेक तुकडा रॅममध्ये उलगडतो, त्याची बेरीज जुळते का ते तपासतो आणि मगच डिस्कवर लिहितो. रॅममधला एक बिट उलटला तरी बेरीज चुकते आणि काम थांबतं. हीच चूक एखाद्या फोटोत झाली असती तर एका ठिपक्याचा रंग बदलला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणूनच ‘एरवी तर नीट चालतो’ हे वाक्य रॅम चांगली असल्याचा पुरावा नाही.

आता कामाला लागू. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा. काही एएमडी बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी तो वेग बऱ्याचदा या सेटिंगनेच मिळतो आणि प्रत्येक बोर्ड-प्रोसेसरच्या जोडीला तो झेपेलच असं नाही. बंद केल्यावर रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सावकाश वेगाने चालेल. इन्स्टॉलेशन आता पूर्ण झालं, तर तुमची रॅम खराब नाही, वेग जास्त होता. तो वेग सोडून द्या. घरच्या कामात फरक फारसा जाणवणार नाही.

तरीही अडकत असेल तर संगणक बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि दोन्ही रॅम काढा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर बसतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने त्या हलक्या हाताने घासा, मळ ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्यात भिजवलेल्या कापडाने पुसा. सँडपेपर चुकूनही नको, वरचा मुलामा निघून जाईल. मग एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवा. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या रॅमसाठी हीच जागा असते. नक्की कोणती ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दोन्ही टोकांना कट्ट वाजलं पाहिजे.

आता मेमटेस्ट८६प्लस हा मोफत प्रोग्राम दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक चालू करा. ६.०० पासूनच्या आवृत्त्या यूईएफआय, म्हणजे नव्या प्रकारचं बायोस, असलेल्या बोर्डांवरही चालतात. किमान चार फेऱ्या होऊ द्या. रात्री लावून सकाळी पाहणं सोयीचं. इथे ‘थोड्याच चुका आहेत’ असं काही नसतं. एकही लाल ओळ दिसली तर ती रॅम बाद. मात्र तीच रॅम दुसऱ्या खाचेत निर्दोष निघाली तर दोष खाचेचा किंवा बोर्डाचा आहे. मग दुसरी रॅम याच क्रमाने तपासा. दोघी एकेकट्या पास होतात आणि जोडीने नापास होतात, असंही घडतं, विशेषतः वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असतील तर. तेव्हा एकीवरच इन्स्टॉलेशन उरका आणि पुढे जुळ्या संचाचा विचार करा. चांगल्या कंपन्यांच्या रॅमवर अनेकदा दीर्घ वॉरंटी असते, म्हणून नवी घेण्याआधी बिल शोधा.

प्रश्न: माझं इन्स्टॉलेशन नेहमी एकाच जागी थांबतं आणि ८००७०५७० या आकड्यांचा कोड येतो. संगणकात सात वर्षं जुनी १ टीबीची हार्ड डिस्क आहे. (सोलापूर)

उत्तर: या कोडचा अर्थ ‘फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही’ एवढाच. कुठली बाजू खराब आहे ते तो सांगत नाही. तुमच्याकडे जागा ठरलेली आहे, म्हणून सुरुवात पेन ड्राइव्हपासून.

बाजारात ‘६४ जीबी’ छापलेले, पण आत त्याहून खूप कमी जागा असलेले बनावट पेन ड्राइव्ह सर्रास मिळतात. ते भरत जाताना तक्रार करत नाहीत. खरी जागा संपली की पुढचा मजकूर हरवतो. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम पेन ड्राइव्ह पूर्ण भरतो आणि परत वाचून पडताळतो. विंडोजसाठी किमान ८ जीबीचा, ओळखीच्या कंपनीचा घ्या. फाइल हाताने कॉपी करू नका: पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि एनटीएफएस पद्धतीने केला तर अनेक यूईएफआय बोर्ड त्यावरून सुरूच होत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस वापरा. पेन ड्राइव्ह डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या यूएसबी २.० खाचेत लावा. पुढची खाच लांब वायरने बोर्डाला जोडलेली असते आणि तीच कधी कधी दगा देते.

पेन ड्राइव्ह चांगला निघाला तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तीन ओळी पाहा. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले भाग आणि सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेले भाग. सी५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर विंडोज टाकण्याचा हट्ट सोडा, आधी आतले फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या. तिसरी ओळ सी७. फक्त तीच वाढत असेल तर डिस्क ठणठणीत असण्याची शक्यता मोठी आहे आणि खराब आहे ती साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी वायर. अगदी थोडक्या पैशांच्या वायरीपायी चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या आहेत, म्हणून ही ओळ आवर्जून पाहा.

प्रश्न: पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. (जळगाव)

उत्तर: हा बिघाड नाही. बूटच्या क्रमात पेन ड्राइव्ह पहिला आहे, म्हणून संगणक डिस्ककडे न जाता पुन्हा त्याच्याकडेच जातो. पहिल्या रीस्टार्टला स्क्रीन काळी होताच पेन ड्राइव्ह काढून घ्या. काढल्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं आलं तरच पुढचा शोध घ्यायचा.

प्रश्न: इंटेलच्या १२व्या पिढीचा लॅपटॉप आहे. सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी येते. एका परिचिताने बायोसमध्ये काहीतरी बदललं, तर आधीचं चालू विंडोजही ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून पडायला लागलं. (मडगाव)

उत्तर: दोन्ही लक्षणांचं मूळ एकच, व्हीएमडी. ११व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत एसएसडी थेट न दिसता या इंटेलच्या नियंत्रकामागे असते. विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर यादी रिकामी दिसते. तुमच्या परिचिताने बहुधा व्हीएमडी बंद केलं. पण जुनं विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेलं होतं, त्याला आता स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सेटिंग होती तशी करा, ते परत चालू होईल.

मग आधी डेटा बाहेर काढा. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, विसरू नका: हल्लीच्या लॅपटॉपांत डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकलं तरी डी ड्राइव्ह ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय उघडत नाही. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात ‘डिव्हाइसेस’खाली मिळते; वहीत उतरवून घ्या.

त्यानंतर दोन वाटा आहेत. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर (व्हीएमडीचा ड्रायव्हर तोच) उतरवा, तो उलगडून पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि रिकाम्या यादीच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवा. किंवा व्हीएमडी बंद करून विंडोज टाका आणि नंतर त्या सेटिंगला हात लावू नका. एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपला व्हीएमडीचा उपयोग नाही, म्हणून आमचा कौल दुसऱ्या वाटेला.

प्रश्न: निळी स्क्रीन नाही, संदेश नाही. इन्स्टॉलेशन चालू असताना संगणक एकदम बंद होतो. (अकोला)

उत्तर: असं पटकन बंद होणं म्हणजे उष्णता नाहीतर वीज. बायोसमधलं तापमानाचं पान उघडून दहा मिनिटं नुसतं बघत राहा. ४०-५० अंशांच्या आसपास स्थिर असेल तर ठीक. ८० ओलांडून चढतच असेल तर प्रोसेसरवरचा पंखा नीट बसलेला नाही किंवा दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. चार खुंट्यांच्या पंख्याची एखादी खुंटी सुटलेली असते, ती बोर्डाच्या मागून पाहिली तरच कळते. जुनी पेस्ट पूर्ण पुसा, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा.

तापमान ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्यावर. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या बाहेरचा आकडा चालत नाही. पण मल्टिमीटरवर आकडा बरोबर दिसूनही भार आल्यावर क्षणभर कोसळणारे एसएमपीएस असतात, म्हणून खरी चाचणी म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणं. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून इन्स्टॉलेशन करा, भार बराच उतरतो. एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज राहते.

प्रश्न: गेमिंगसाठी जुळवलेला संगणक. विंडोज कसंबसं बसतं, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर उलगडताना त्रुटी येते आणि गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं येतं. रॅम रात्रभर तपासली, निर्दोष आहे. (पिंपरी)

उत्तर: प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रकारचा, ६५ वॉट वा त्याहून मोठा आहे का, ते आधी पाहा. या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे आतलं सर्किट हळूहळू झिजतं, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. फाइल उलगडण्याच्या कामात ती झीज सर्वात आधी दिसते. ‘व्हिडिओ मेमरी’च्या संदेशामुळे लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात आणि त्रास तसाच राहतो.

सप्टेंबर २०२४ मधला १२बी क्रमांकाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) किंवा त्यानंतरचा असलेलं बायोस टाका. त्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. खात्री करायची तर बायोसमध्ये मोठ्या कोअरचा गुणक (ज्यावर त्यांचा वेग ठरतो तो आकडा) तात्पुरता दोन-तीन पायऱ्या खाली आणा, उदाहरणार्थ ५५ वरून ५३. तेवढ्याने त्रुटी थांबल्या तर संशय प्रोसेसरवर पक्का. मग गुणक कमी ठेवून दिवस काढू नका. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, त्यामुळे खोक्यासह घेतलेल्या प्रोसेसरला एकूण पाच वर्षं मिळतात. बिल, प्रोसेसरवरचा अनुक्रमांक आणि त्रुटींचे फोटो एकत्र करून बदलून मागा.

प्रश्न: विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, म्हणून कोअर टू ड्युओच्या संगणकावर तपासण्या चुकवून विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती टाकली. लोगोवरून पुढे जात नाही. (लातूर)

उत्तर: जाणारही नाही. टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी चुकवता येते, पण २४एच२च्या गाभ्यालाच पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरमधल्या आज्ञा लागतात. त्या तुमच्या प्रोसेसरमध्ये नाहीत आणि कुठल्याही युक्तीने येत नाहीत. ४ जीबी रॅम आणि १२० जीबीची साटा एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का ते पाहा, मगच ‘इन्स्टॉल’ दाबा.