पहिला लगदा करण्याआधी

हातकागदाच्या लगद्यासाठी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांतून कापडाचं कातरण सहज मिळतं, पण आणलंस की त्यातला एक धागा ओढून जाळून बघ. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो, राख भुरभुरीत पडते. पॉलिस्टर वितळतं, त्याची कडक गोळी होते. तसली चिंधी लगद्यात अजिबात नको. कितीही कुटली तरी तिचे तंतू एकमेकांना धरत नाहीत. साचा, म्हणजे जाळी लावलेली चौकट, लगद्याच्या हौदातून उचलताना लगेच पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलव. पाणी निथळलं की उशीर झाला. एप्रिल-मेच्या उन्हात ओला ताव ठेवू नकोस, कडा आधी वाळून तो वाकडा होतो, सावलीतच वाळव. आणि जाळी त्याच दिवशी धू, अडकलेल्या लगद्याने पुढच्याचा ताव बिघडतो.