पहिला डिस्क्रीट ऑप-अँप बांधताना
डिस्क्रीट ऑप-अँप म्हणजे चिपऐवजी सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधलेला अँप्लिफायर. त्यातल्या नावाजलेल्या जेन्सन ९९० चं सर्किट देखणं आहे, पण सुरुवातीलाच त्याला हात घालू नकोस. आधी साधी इनपुट जोडी (सिग्नल घेणारे दोन जुळे ट्रान्झिस्टर), एक गेन स्टेज (सिग्नल मोठा करणारा टप्पा) आणि क्लास-एबी आउटपुट (सिग्नलचे दोन अर्धे भाग वाटून घेणारी ट्रान्झिस्टरांची जोडी), बस्स. खरी मेहनत इनपुट जोडीवर घे. मूठभर बीसी५५०सी ट्रान्झिस्टर आण, एकाच करंटवर प्रत्येकाचं बेस-एमिटर व्होल्टेज मोज आणि १ मिलिव्होल्टच्या आत जुळणारे दोन निवड. मोजताना बोट लावू नकोस. तापमान १ अंशानं वाढलं की हे व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनं घसरतं. म्हणूनच दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढव, म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहील. कॉम्पेन्सेशनचा (सर्किट स्थिर ठेवणारा) कपॅसिटर गाळलास तर सर्किट ऑसिलेट होईल, म्हणजे आपोआप थरथरत राहील; सुरुवातीला १०० पिकोफॅरड ठेव. आणि हेडफोन जोडण्याआधी आउटपुटवरचं डीसी (सिग्नल नसतानाही राहणारं स्थिर) व्होल्टेज मोजच. ५० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर जोडू नकोस.