जीपीयूवर कोड हळू का चालतो: उष्णतावहनाच्या जाळीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: द्विमितीय उष्णतावहनाचं समीकरण, ४०९६ × ४०९६ ची जाळी, डबल प्रिसिजन (दर आकड्याला ८ बाइट). आठ कोअरच्या प्रोसेसरवर ओपनएमपी (काम सगळ्या कोअरमध्ये वाटून देणारी सोय) लावून काळाच्या एका पायरीला ९ मिलिसेकंद लागतात. तेच आरटीएक्स ३०६० या एनव्हिडियाच्या जीपीयू कार्डावर कुडामध्ये (त्या कार्डांसाठीच्या प्रोग्रामिंग पद्धतीत) लिहिल्यावर २५.

तुमचा कर्नल, म्हणजे कार्डावर चालणारं फंक्शन, ठीक आहे. वेळ जातोय तो लूपमधल्या दोन कुडामेमकॉपींमध्ये, म्हणजे रॅम आणि कार्ड यांच्यात डेटा हलवणाऱ्या आवाहनांमध्ये. दर पायरीला तुम्ही जाळी कार्डावर पाठवता आणि परत आणता. एक जाळी १३४ एमबीची. कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआयई ४.० च्या सोळा लेनची कागदावरची क्षमता एका दिशेला सेकंदाला सुमारे ३२ जीबी, पण साध्या मॅलॉकने घेतलेल्या मेमरीतून बरंच कमी मिळतं. १२ जीबी धरा, म्हणजे जाऊन-येऊन २२ मिलिसेकंद वाहतुकीतच संपले.

म्हणून जाळी सुरुवातीला एकदाच कार्डावर न्या. तिथेच दोन अ‍ॅरे ठेवा, जुना आणि नवा, आणि प्रत्येक पायरीनंतर फक्त पॉइंटरची अदलाबदल करा. मोठा फरक यानेच पडेल. अभिसरण (उत्तर स्थिरावलं का) तपासायचं असेल तर तेही कार्डावरच रिडक्शन करून, म्हणजे सगळ्या बिंदूंचा मिळून एक आकडा काढून, आणि तेसुद्धा ५०० पायऱ्यांतून एकदा. परत आणायचा तो एकच आकडा. मधली स्थिती फाइलीत लिहायची असेल तर त्या बफरसाठी साध्या मॅलॉकऐवजी कुडामॅलॉकहोस्ट (रॅममध्ये जागेवर पक्की राहणारी मेमरी देणारं फंक्शन) वापरा, वाहतूक बरीच वेगवान होते.

आता अपेक्षा किती ठेवायची? पाच बिंदूंच्या (एक बिंदू आणि त्याचे चार शेजारी) या गणितात आकडेमोड थोडी आणि मेमरीची ये-जा फार. एका पायरीत निदान एक जाळी वाचायची, एक लिहायची: २६८ एमबी. ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते, म्हणजे ०.७५ मिलिसेकंद. दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० ची कमाल ५१.२ जीबी, त्यात लिहिण्याआधी कॅशमध्ये ओळ आणण्याचा खर्च धरला तर ८ मिलिसेकंद होतात. तुमचा प्रोसेसर ९ वर आहे, म्हणजे तो रॅमच्या मर्यादेला टेकलेलाच आहे. तेव्हा आठ-नऊ पट वेग हे चांगलं यश समजा. शंभर पटीचे दावे बहुतेक वेळा एका कोअरवरच्या ढिसाळ कोडशी तुलना करून केलेले असतात.

डबलचं मात्र वेगळं पाहावं लागेल. ३०६० मध्ये डबलचा वेग सिंगलच्या १/६४ आहे. दर बिंदूला पाच सूचना धरल्या तरी आकडेमोडीलाच ०.८४ मिलिसेकंद लागतात, मेमरीपेक्षा जास्त. ए१०० सारख्या, वैज्ञानिक गणितासाठीच्या कार्डांवर डबलचा वेग सिंगलच्या निम्मा असतो. पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकामध्ये तीच कार्डं आहेत. सिंगलवर (दर आकड्याला ४ बाइट) यायचं ठरवलंत तर जपून: ३०० केल्व्हिनच्या आसपास सिंगलमधल्या लागोपाठच्या दोन आकड्यांतलं अंतर ०.००००३ आहे, त्यामुळे एका पायरीतली वाढ त्याच्या निम्म्याहून कमी झाली की ती गोलाईत नाहीशी होते आणि तापमान गोठल्यासारखं दिसतं. अ‍ॅरेत तापमान न साठवता ३०० पासूनचा फरक साठवा. आणि कोडमध्ये ०.२५ सारखा स्थिरांक लिहिताना शेवटी एफ लावा, नाहीतर ती आकडेमोड गुपचूप डबलमध्ये होते.

कर्नलमध्ये थ्रेडचा एक्स निर्देशांक स्तंभाला द्या, ओळीला नव्हे. सीमध्ये ओळ सलग साठवलेली असते. उलट केलंत तर वॉर्पमधले (एकत्र चालणाऱ्या गटातले) ३२ थ्रेड एकमेकांपासून ३२ केबीवर वाचतात आणि ८ बाइटांसाठी प्रत्येकी ३२ बाइट ओढले जातात. ब्लॉक, म्हणजे थ्रेडांचा गट, ३२ × ८ पासून सुरू करा. शेअर्ड मेमरीच्या (ब्लॉकमधल्या थ्रेडांची सामायिक वेगवान मेमरी) मागे इतक्यात लागू नका, शेजारचे बिंदू बहुतेक कॅशमधूनच मिळतात.

वेळ मोजताना कुडा इव्हेंट वापरा, किंवा घड्याळ थांबवण्याआधी कुडाडिव्हाइससिंक्रोनाइझ करा. कर्नलचं आवाहन लगेच परततं, त्यामुळे नाहीतर काही मायक्रोसेकंदांचा भलताच आकडा दिसेल. ब्लॉकमध्ये १०२४ पेक्षा जास्त थ्रेड मागितले तर कर्नल चालतच नाही आणि तरीही प्रोग्राम मुकाट पुढे जातो. म्हणून प्रत्येक आवाहनानंतर कुडागेटलास्टएरर तपासा.

उत्तरं प्रोसेसरच्या उत्तरांशी शेवटच्या बिटापर्यंत जुळणार नाहीत, कारण एनव्हीसीसी हा कुडाचा कंपायलर गुणाकार-बेरीज एकत्र करून एकदाच गोलाई करतो. पडताळणीपुरता त्याचा एफमॅड हा पर्याय बंद करून पाहा. तरीही तिसऱ्या-चौथ्या दशांशातच फरक दिसला आणि तो दर वेळी बदलत असला, तर कुठेतरी जुन्याच अ‍ॅरेत लिहिलं जातंय.