पोटरीत गोळा येतो, नस चढत नाही

प्रश्न : त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करताना पोटरी एकदम आवळली, पाय टेकवेना. सोबतचे म्हणाले ‘नस चढली’. आजी याला ‘वांब’ म्हणते, डॉक्टर ‘क्रॅम्प’ म्हणाले. योग्य मराठी शब्द कोणता? आणि पेटका व गोळा यांत फरक आहे का? (नाशिकमधील एक वाचक)

गोळा म्हणा, पेटका म्हणा, आजीचा वांबही चालेल. नस मात्र म्हणू नका.

हे ‘नस चढली’ हल्ली जिथे तिथे ऐकू येतं. गंगापूर रोडला पहाटे पळणारे म्हणतात, जिममधले म्हणतात, चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाला पायी निघालेले भाविकही म्हणू लागलेत. त्यावर कुणी जाणकार सांगतो की ‘शिरेवर शीर चढणं’ मराठीत जुनंच आहे. असेल जुनं. पण शीर कुठेही चढत नाही. होतं ते इतकंच, की स्नायू आपल्या हुकमाशिवाय आवळला जातो आणि काही सेकंद, कधी काही मिनिटं, सैल व्हायला नकार देतो.

हा केवळ शब्दांचा सोवळेपणा नाही. पोटरीच्या खोल शिरेत खरोखरच रक्ताची गुठळी होऊ शकते. अशा वेळी एकच पाय सुजतो, गरम किंवा लाल होतो आणि दुखणं पेटक्यासारखं दोन मिनिटांत ओसरत नाही. तिथे ‘नस चढली असेल’ म्हणून तेल लावून पाय रगडत बसणं धोक्याचं, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गोळ्याला नस म्हणायची सवय लागली, की खऱ्या शिरेच्या दुखण्यालाही लोक गोळाच समजतात. म्हणून मी या शब्दावर इतका चिडतो.

आता फरक. पेटका म्हणजे आवळण्याची ती कळ; ती पायाच्या बोटांत येते, तळपायात येते, लिहून लिहून हातातही येते. गोळा मात्र मांसल जागीच, जिथे हाताला टणक गाठ लागते. करंगळीत पेटका येईल, गोळा येणार नाही. (निकालाच्या दिवशी पोटात येतो तो गोळा भीतीचा, त्याचा इथे संबंध नाही.) कमरेत भरते ती उसण, खोकल्याची येते ती उबळ, मुरगळून होते ती लचक. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाऊ.

खरी गंमत चरकाच्या एका शब्दात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, विसाव्या अध्यायात, वाताचे 80 विकार मोजले आहेत. त्यांत गृध्रसीच्या, म्हणजे सायटिकाच्या, शेजारीच एक नाव येतं : पिण्डिकोद्वेष्टन. पिण्डिका म्हणजे पोटरी. आपल्या जुन्या मराठीतली ‘पिंढरी’ आणि हिंदीतली ‘पिंडली’ याच घरातल्या. पिण्ड म्हणजे गोळा. पोटरी हा शब्दही असाच फुगवट्यावरून आलेला आहे. निफाडच्या शेतकऱ्याला विचारा, ओंबी बाहेर पडण्याआधी ताट फुगतं तेव्हा तो ‘गहू पोटरीत आला’ म्हणतो. म्हणजे या अवयवाचं नावच मुळात ‘गोळा’ आहे. माझं ठाम मत असं, की ‘पायात गोळा आला’ हा आपला वाक्प्रचार त्या पिण्डाचीच आठवण आहे. काही जण म्हणतात की हाताला गाठ लागते म्हणून सहज सुचलेला शब्द आहे, त्याला एवढं मागे नेण्याची गरज नाही. मग त्यांनी उरलेल्या अर्ध्या शब्दाकडे पाहावं. उद्वेष्टनात ‘वेष्ट्’ आहे, गुंडाळणं, पिळणं. आपला वेढा त्यातूनच आला. आणि मराठी माणूस गोळा येण्याला दुसरं काय म्हणतो? ‘पोटऱ्या वळतात.’ एका संस्कृत समासाचे दोन्ही तुकडे मराठीत दोन वाक्प्रचार होऊन नांदतात, याला मी योगायोग मानत नाही.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. मेघदूतातला यक्ष पत्नीने विरहात घातलेल्या एकवेणीबद्दल बोलतो, ती शाप संपल्यावर ‘मया उद्वेष्टनीया’, मी सोडवायची आहे. तिथे उद्वेष्टन म्हणजे उलगडणं! वैद्य ज्या शब्दाने पीळ पडणं सांगतो, कवी त्याच शब्दाने पीळ सोडवणं सांगतो. ‘उद्’ हा उपसर्ग दोन्हीकडे झुकतो. दुखणं आणि उतारा एकाच शब्दात बसलेत.

कारण उतारा तोच आहे, उलगडणं. गोळा आला की गुडघा सरळ करा, चवडा हाताने किंवा उपरण्याने नडगीकडे ओढा आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा. उभं राहता येत असेल तर भिंतीला हात टेकून, तो पाय मागे ठेवून टाच जमिनीला दाबा. मग हलकं चोळा, शेका. घाम फार गेला असेल तर पाणी प्या, थोडं मीठही पोटात जाऊ द्या. पण सगळा दोष पाण्याला देऊ नका. थकलेला स्नायू हेही मोठं कारण असतं, आणि म्हणूनच गोळे बहुधा फेरीच्या शेवटच्या टप्प्यात येतात. रात्री झोपेत येणारे गोळे उतारवयात आणि गरोदरपणात नेहमीचे. त्यांवर मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा बराच बोलबाला आहे, पण वयस्कांवरच्या चाचण्यांत त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसलेला नाही. लघवी वाढवणारी औषधं चालू असतील आणि गोळे वारंवार येत असतील तर डॉक्टरांना सांगा. चालताना दर वेळी ठरावीक अंतरावर पोटरी दुखते आणि उभं राहिल्यावर दुखणं ओसरतं, असं असेल तर तो गोळा नव्हे. रोहिणीतला रक्तपुरवठा तपासायला हवा.

मी वर ‘स्नायू’ लिहिलं, त्यावर आयुर्वेदवाल्यांचं पत्र येईलच. सुश्रुताने शरीरात 900 स्नायू आणि 500 पेशी मोजल्या. त्याची पेशी म्हणजे मांसाचा हा भाग आणि स्नायू म्हणजे हाडं-सांधे बांधणारे दोर. बरोबर. पण मराठीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि स्नायूने तिची जागा घेतली. हिंदीत मांसपेशी राहिली, बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. प्रत्येक भाषेने आपापली वाटणी केली आहे. मराठीची वाटणी चुकीची म्हणणारे, विज्ञानाच्या पुस्तकांतल्या पेशीचं मग काय करायचं, ते कधीच सांगत नाहीत.

राहिला वांब. वाम किंवा वांब हे सापासारख्या लांब, निसरड्या माशाचं नाव. कातडीखाली काहीतरी सळसळत वळतं, त्याला त्या माशाचं नाव मिळालं असावं, असं मला वाटतं. लॅटिनमध्येही स्नायूला ‘मस्क्युलस’, म्हणजे छोटा उंदीर म्हणत. इंग्रजीतला मसल तिथूनच आला. पेटका ‘पेटणे’वरून आला असं सांगतात, ते मला पटत नाही; गोळा आवळतो, जळत नाही. आजीला एवढं नक्की विचारा, ती वांब फक्त पायांनाच म्हणते की हातांनाही? आणि ती मूळची पेठ-सुरगाण्याकडची, की बागलाणातली?